कपाट आणि कर्णा

गेल्या वैशाखांत आमचा पुण्याचा वाडा रिकामा करण्याचें ठरलें. वाडा जुना झाला होता. त्याच्या जागीं उंच इमारत उभी राहावयाची होती, आणि आजवर एका चुलीवर जेवलेलीं चार बिऱ्हाडें चार दिशांस जावयाचीं होतीं. भांडींकुंडीं, पाट, चौरंग, गाद्यागिरद्या यांची वांटणी एकाच दुपारीं उरकली, आणि तींत एकही वांकडा शब्द निघाला नाहीं. वाचकांस नवल वाटेल, परंतु घोडें अडलें तें माडीवरच्या दोन कपाटांपाशीं आणि एका कर्ण्याच्या ग्रामोफोनपाशीं. कपाटांत अकराशेंच्या वर पुस्तकें होतीं. ग्रामोफोनशेजारच्या ट्रंकेंत शंभर-सवाशें तबकड्या होत्या. नव्या घरांच्या खोल्या लहान. खालीं चौकांत रद्दीवाला तागडी घेऊन उभा होता. माझे सर्वांत धाकटे बंधू स्वभावानें मुळींच कठोर नाहींत, पण तेही शेवटीं म्हणाले, "अण्णा, तुम्हीच काय तें ठरवा, मात्र आज संध्याकाळपर्यंत ठरवा."

थोरले बंधू वारल्यापासून घरांत वडीलकी माझ्याकडे आहे. शिवाय चाळीस वर्षें मुलांना शिकविण्यांत गेलीं. त्यामुळें कोणीं काय वाचावें हें सांगण्याचा अधिकार आपल्यास उपजतच मिळाला आहे, अशी माझी समजूत. मीं लागलीच एक कागद घेतला, त्यावर ‘प्रत्येकानें न्यावयाचीं पुस्तकें’ असा मथळा घातला, आणि पहिलीं वीस नांवें भराभर लिहून टाकलीं. ती यादी पुरी झाली नाहीं. तिच्या ऐवजीं दुसरीच एक वांटणी झाली. ती कशी झाली हें सांगावें, आणि त्या निमित्तानें माझीं आवडतीं पुस्तकें व आवडतें गाणें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

यादी चालू असतां धाकटी सून जिना चढून वर आली. तिच्या हातांत पत्र्याची एक लहान पेटी होती. "काका, ही आत्याआजींची पेटी माळ्यावर सांपडली," असें म्हणून तिनें ती माझ्यापुढें ठेवली.

आमची आत्या एकोणिसाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली, ती १९८४ सालीं वारली तोंपर्यंत याच घरांत राहिली. अर्ध्या शतकाहून अधिक काळ तिनें आमचें स्वयंपाकघर सांभाळलें. अखेरच्या दिवसांत तिची दृष्टि मंदावली, तेव्हां रात्रीं जेवणें झाल्यावर मी तिला रोज अर्धा तास वाचून दाखवीत असें. हें व्रत मीं पांच वर्षें नेमानें पाळलें, आणि खरें सांगावयाचें तर त्याबद्दल मनांत थोडा अभिमानही बाळगून होतों.

पेटींत दोन लुगडीं, जपाची माळ, आणि फडक्यांत बांधलेलें एक पुस्तक निघालें : रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. शिवण सुटलेली, पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले, कडेला हळदीचीं बोटें उमटलेलीं. समासांत जागोजाग पेन्सिलीची बारीक खूण होती. आमच्यापैकीं कोणीं तिला हें पुस्तक आणून दिलेलें नव्हतें.

मला मात्र तें ओळखीचें वाटलें. कॉलेजांत असतांना एकदां दुपारीं मीं तिला माजघरांत तें वाचीत बसलेली पाहिलें होतें, आणि वर तोंड करून म्हणालों होतों, "आत्या, बायकांच्या घरगुती आठवणी काय वाचतेस! वाचायचें तर कांहीं भारदस्त वाच." ती हंसली. म्हणाली, "अरे, घरांत राहणारीनें घरचेंच वाचावें, नाहीं का?" आणि पुस्तक मिटून ती चहाचें आधण ठेवावयास उठली. त्यानंतर तें पुस्तक मीं तिच्या हातीं पुन्हां कधींही पाहिलें नाहीं.

पुढें मी तिला पांच वर्षें वाचून दाखविलें. तीं निरूपणें होतीं, चरित्रें होतीं, इतिहास होता. "आत्या, आज काय वाचूं?" हें एकदांही विचारलें नाहीं. पांचही वर्षें पुस्तक मीच निवडलें. आणि आज तोच मी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, पुन्हां कागद घेऊन बसलों होतों! मीं यादीची घडी केली, ती खिशांत घातली, आणि खालीं जाऊन प्रत्येकास एकच प्रश्न विचारावयाचा असें ठरविलें : सध्यां तुला काय हवें आहे?

पहिली भेटली ती डॉक्टर पुतणी. रुग्णालयांतून बारा बारा तासांनीं परत येते, आणि आल्यावर कोणाशीं बोलण्याचेंही त्राण तिच्यांत नसतें. ती म्हणाली, "काका, मला कांहीं शिकवूं नका. मला हंसायचें आहे." तिला मीं चिं. वि. जोशी यांचे चिमणराव दिले. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी. आणि या गंभीर पंडितानें मराठी घराला त्याचें स्वतःचें हंसूं दिलें. चिमणराव हा कोणी विदूषक नव्हे. तो बेताच्या पगाराचा, भिडस्त, बायकामुलांवर माया करणारा गृहस्थ आहे. आणि त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ हा धीट, आडदांड व त्यामुळेंच वेळोवेळीं सर्वांना खड्ड्यांत घालणारा. १९७० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं ही जोडी घरोघर पोहोंचविली, हें पुष्कळांस आठवत असेल. परंतु तीं पुस्तकें मुळांतून वाचावीं. या विनोदांत कोणाचें व्यंग काढलेलें नाहीं. फजिती होते ती सांगणाराचीच. दिवसभर दुसऱ्यांचें दुखणें पाहून आलेल्या माणसास असाच विनोद सोसतो.

तिला गाणेंही हवें होतें, पण वेळ नव्हता. "तास तास बसून ऐकणें तुमच्या काळीं ठीक होतें," असें ती म्हणाली. मीं ट्रंकेंतून अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटीची तबकडी काढली. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. किराणा घराण्याच्या या थोर गवयास, रात्र रात्र मैफल रंगविणाऱ्यास, आपला सारा जन्म एवढ्या अवधींत बसवावा लागला; आणि त्यांनीं तो बसविला. ताना टाकण्याची घाई नाहीं, जागा अडविण्याची धडपड नाहीं. एकेक सूर लावून ते जणूं तेथें थांबून राहतात. लहानपणीं ऐकलेल्या खांसाहेबांच्या तबकडीनेंच आपणांस गाण्याची ओढ लागली, असें पंडित भीमसेन जोशी सांगत असत. खांसाहेबांचें बिऱ्हाड मिरजेस होतें. १९३७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत त्यांचा अंत झाला, आणि त्यांना आणून मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत विसावा दिला. तेथें त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं गवई गाऊन जात आले आहेत. मीं पुतणीला सांगितलें, "दिवसांतून तीन मिनिटें. त्याहून जास्त मागत नाहीं." आतां हें गाणें ऐकण्यास कर्णा लागत नाहीं, खिशांतल्या फोनवरही मिळतें, हें तिनें मला सांगितलें, तेव्हां सबब कोणासच उरली नाहीं.

दुसरा पुतण्या. तो बंगळुरास संगणकाच्या कामांत असतो. घराचें कर्ज डोक्यावर आहे, आईबापांस सोडून दूर राहिल्याचा सल मनांत आहे. पण तो तसें बोलून दाखवीत नाहीं. "मला प्रवासाचें कांहीं द्या," एवढेंच त्यानें सांगितलें. त्यास मीं विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ दिला. कोंकणांतील वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालें म्हणून १८५७ सालीं तो आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. मथुरेस मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढीच आशा. वाटेंत त्यास गांठ पडली ती सत्तावनच्या धामधुमीची. झांशीच्या वेढ्यांत तो शहरांत सांपडला. लुटालूट, आग, प्रेतें हें सर्व त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. मिळविलेला पैसा वाटेंत लुटला गेला. अखेर तो घरीं परतला तो द्रव्य घेऊन नव्हे, तर खांद्यावर गंगेची कावड घेऊन. आणि त्या पाण्यानें त्यानें आईबापांस स्नान घातलें.

इतिहास लिहितों आहें अशी या गृहस्थाची कल्पनाही नाहीं. तो पाककृतीकडे पाहतो, दानधर्माकडे पाहतो, स्वतःच्या भीतीचें वर्णनही लाज न धरतां करतो. आणि म्हणूनच झांशीच्या राणीचें त्यानें काढलेलें चित्र इतकें सजीव वाटतें. ती देव्हाऱ्यांतील मूर्ति न होतां, घोडदौडीनें थकलेली, तहानेनें व्याकुळ झालेली स्त्री म्हणून विहिरीच्या कांठीं आपल्यासमोर उभी राहते. हें पुस्तक चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिलें गेलें, व लेखकाच्या पश्चात् १९०७ सालीं त्यांनींच तें संपादून छापलें. पुढें १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून तें पुन्हां प्रसिद्ध केलें. मिळाल्यास हीच प्रत घ्यावी. पुतण्यानें पुस्तक पिशवींत टाकलें. वाचलें कीं नाहीं, तें त्यानें अद्याप कळविलेलें नाहीं, आणि मीं विचारलेलेंही नाहीं.

आतां धाकट्या सुनेचें. तिच्या यजमानांनीं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनीं, बायकोस न विचारतां गेल्या वर्षीं चांगली नोकरी सोडली व स्वतःचा धंदा काढला. धंदा चालेल कीं नाहीं हें देव जाणे; परंतु घरखर्चाचीं तोंडें मिळवितांना तिची होणारी ओढाताण सर्वांस दिसते. मीं प्रश्न केला तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "काका, ज्या बाईला न विचारतां सगळें ठरलें, आणि तरी जी कडू झाली नाहीं, अशा कोणाचें पुस्तक आहे का?"

असें पुस्तक मराठींत आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’. यजमान कविवर्य नारायण वामन टिळक. बुद्धीनें तेजस्वी, मनानें उदार, आणि संसाराच्या दृष्टीनें केवळ वादळ. त्यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पत्नीस कल्पना न देतां. सोवळ्याच्या कडक घरांत वाढलेल्या या बाईवर तेव्हां आकाश कोसळलें. वर्षानुवर्षांचा वियोग झाला; मग ती मुलास घेऊन पतीकडे गेली, पण आपला धर्म सांभाळून राहिली; आणि पुढें १९०० सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर माणसांमाणसांतील शिवाशीव खोटी आहे हें तिचें तिला पटत गेलें म्हणून. त्या वाटेवरचें एकेक पाऊल तिनें सांगितलें आहे. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईची भाषा मात्र अशी, कीं ओसरीवर बसून कोणी आपल्याशींच बोलत आहे. नवऱ्याचा राग येतो तेथें ती राग लिहिते, स्वतःचा वेडेपणा झाला तेथें स्वतःस हंसते, आणि डोळ्यांत पाणी येणार इतक्यांत विषय बदलते. चार भागांचें हें आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळांत प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई १९३६ सालीं निवर्तल्या. मला एकच पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा दिली तर कोणतें ठेवीन, असें कोणीं विचारल्यास मी फार वेळ घेणार नाहीं. विशेष हें, कीं कॉलेजांत असतांना ‘घरगुती’ म्हणून मीं हेंही बाजूस सारलें होतें. तें प्रथम वाचलें तेव्हां माझ्या वयाचीं चाळीस वर्षें उलटलीं होतीं.

थोरल्या वहिनींनीं प्रश्न ऐकून घेतला व म्हणाल्या, "भावोजी, महाभारत द्या. पण पुण्य लागावें म्हणून नको, भांडावयास हवें." वहिनींचा स्वभाव ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. त्यांच्यासाठीं इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ काढला. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. १९६७ सालीं निघालेल्या या पुस्तकास पुढच्याच वर्षीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्यापुढें हात न जोडतां त्या त्यांच्याशेजारीं जाऊन बसतात, आणि विचारतात : तुम्ही असें कां केलें? भीष्मानें दुसऱ्यांसाठीं आयुष्य वाहिलें खरें, पण त्यांत किती जणींच्या आयुष्याची होळी झाली, हा हिशेब त्या मांडतात, आणि वाचणाराचें मन अस्वस्थ होतें. प्रत्येक निष्कर्ष पटलाच पाहिजे असें नाहीं. वहिनींचें द्रौपदीच्या प्रकरणाशीं भांडण सुरू झालें आहे, आणि त्यासाठीं त्या मला आठवड्यांतून दोनदां दूरध्वनि करतात. वाड्यांत असतांना इतकें बोलणें होत नव्हतें.

माझे पाठचे बंधू हे आमच्या घरचे बोलके गृहस्थ. शाळेंत मराठी शिकवीत, गणेशोत्सवांत व्याख्यानें देत. गेल्या माघांत त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनीं सहा महिने बोलणें वर्ज्य केलें. मीं प्रश्न विचारल्यावर त्यांनीं पाटीवर लिहिलें, "कांहीं नको." मी पुढें कांहीं न बोलतां त्यांच्याजवळ बसलों, आणि थोड्या वेळानें कुमार गंधर्वांचीं कबीराचीं निर्गुणी भजनें लावलीं.

कुमारांची हकीकत त्यांस ठाऊक होती, तरी त्या दिवशीं तिचा अर्थ निराळा लागला. बालवयांतच ज्याच्या गाण्यानें थोरामोठ्यांस थक्क केलें, तो हा बेळगांवकडचा मुलगा, मुंबईस प्रोफेसर देवधरांच्या हाताखालीं तयार झालेला. आणि ऐन पंचविशींत क्षयानें त्यास गांठलें. हवापालटासाठीं १९४८ च्या आरंभीं ते माळव्यांत देवासला आले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालें. गाण्यास मनाई झाली. सुमारें पांच वर्षें अंथरुणावर गेलीं. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनीं त्यांची शुश्रूषा केली. त्या मुक्या काळांत खिडकीबाहेरून कानीं पडणारीं माळव्यांतील बायाबापड्यांचीं गाणीं ते ऐकत राहिले. पुढें गाणें परत आलें तें पहिलें नव्हतें. लांब दमसास उरला नव्हता; म्हणून लहान लहान, धारदार स्वरवाक्यें आलीं, आणि त्यांच्या मधल्या शांततेसही अर्थ आला. १९९२ सालीं ते वारले, तोंपर्यंत त्या अपुऱ्या श्वासावर त्यांनीं पूर्ण गाणें गाइलें. भजन संपल्यावर बंधूंनीं पाटी पुसली व लिहिलें, "पुन्हां." त्या संध्याकाळीं तें आम्ही तीनदां ऐकलें.

चुलत घरची नात अमेरिकेंत असते. वय वर्षें दहा. तिची आई म्हणते, मराठी कळतें पण बोलत नाहीं. तिनें दूरध्वनीवर मला इंग्रजींत सांगितलें, कीं जुनें कांहीं नको, अंतराळाचें हवें. तिला वाटलें आजोबा हरले! मीं तिला केसरबाई केरकरांची गोष्ट सांगितली. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेली, अल्लादियाखांसाहेबांपाशीं कठोर मेहनत करून शिकलेली ही मानी गायिका. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. कधींकाळीं दूरच्या कोणास सांपडलींच, तर पृथ्वीवर काय होतें तें कळावें म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेविली. तिच्यावर निवडक संगीत आहे. त्यांत आपल्याकडची एकच चीज, केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. दुसरें यान ५ सप्टेंबरला सुटलें. त्यानंतर अकराच दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाईंनीं जगाचा निरोप घेतला. आणि तें यान चालतच राहिलें. २०१२ सालीं तें सूर्याच्या प्रभावाचें क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळींत शिरलें. त्याच तबकडीवर ५५ भाषांतील नमस्कार आहेत, व त्यांत मराठीही आहे.

पोर कांहीं वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, आणि या वेळीं मराठींत विचारलें, "आजोबा, मग त्यांना कोणी उत्तर दिलें का?" मीं सांगितलें, "अजून नाहीं. पण आधीं तूं ती भैरवी ऐक, म्हणजे ऐकणारें एक तरी वाढलें." दुसऱ्या दिवशीं तिच्या आईनें कळविलें, कीं तिनें ती दोनदां ऐकली, आणि मराठी नमस्कार चार वेळां.

संध्याकाळ झाली. उरलेलीं पुस्तकें पेठेंतील वाचनालयानें नेण्याचें मान्य केलें. रद्दीवाल्याच्या तागडींत जुनीं गाइडें, पंचांगें व कालबाह्य कायदे तेवढे पडले. ट्रंकेंतल्या तबकड्या पुसून कागदांत गुंडाळतांना एका तबकडीवर माझा हात थांबला. ती हिराबाई बडोदेकरांची होती. इतर तबकड्यांपेक्षां तिच्या रेघा फार झिजलेल्या, मधलें लेबल बोटांनीं पुसट झालेलें. हिराबाई या करीमखांसाहेबांच्याच कन्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकीं त्या एक. साधें पातळ नेसून, घरंदाजपणें बसून, कोणतेही हावभाव न करतां गाणाऱ्या हिराबाईंमुळें आमच्यासारख्या घरांतील बायकांना गाण्यास जाण्याची वाट मोकळी झाली. पण आमच्या घरांत विधवेनें गाणें ऐकणें वडिलांना खपत नसे, आणि आत्या कधीं मैफलीस गेल्याचें मला स्मरत नाहीं. मग ही तबकडी इतकी कोणीं वाजविली?

वहिनी जवळच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दुपारीं पुरुषमाणसें बाहेर गेलीं कीं आत्याबाई माडीवर येत. कर्ण्यांत फडकें कोंबीत, आवाज खालीं जाऊं नये म्हणून. एकदां मीं पाहिलें, तर म्हणाल्या, ‘कोणास सांगूं नकोस गो.’ मीं सांगितलें नाहीं."

तें फडकें कोणतें असेल, याचा तर्क मला लगेच आला. पुस्तक गुंडाळलेलें तें.

आत्याचें पुस्तक आणि तिची तबकडी या दोन वस्तु माझ्या वांट्यास मीं मागून घेतल्या. ‘आठवणी’ मीं आतां पहिल्यानें वाचल्या. अकराव्या वर्षीं, १८७३ सालीं, रमाबाई न्यायमूर्ति रानड्यांच्या घरांत आल्या. यजमानांनीं शिकविण्यास आरंभ केला. आणि दिवसा घरच्या बायकांचीं टोचणारीं बोलणीं सोसावीं व रात्रीं धडा घ्यावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९०१ सालीं न्यायमूर्ति गेले. रमाबाई त्या दुःखांतून उठल्या, पुण्याच्या सेवासदनाच्या रूपानें असंख्य स्त्रियांस शिक्षणाचा व स्वावलंबनाचा मार्ग दाखविला, आणि १९१० सालीं हें पुस्तक लिहिलें. आत्याच्या पेन्सिलीच्या खुणा कोठें आहेत तें मीं पाहिलें. मोठ्या माणसांच्या मोठ्या गोष्टींपाशीं एकही नाहीं. माजघरांतल्या बोलण्यापाशीं, चोरून केलेल्या अभ्यासापाशीं, आणि उत्तर न देतां गिळलेल्या शब्दांपाशीं त्या आहेत. हें भारदस्त नाहीं असें मीं कशाच्या जोरावर म्हटलें होतें?

वाचकहो, आवडत्या पुस्तकांच्या व गाण्यांच्या याद्या पुष्कळ छापल्या जातात, आणि वर मीही एक प्रकारें यादीच दिली आहे. ती चुकीची आहे असें नव्हे. यांतील प्रत्येक पुस्तक व प्रत्येक स्वर मीं अनुभवानें पारखलेला आहे, आणि आत्याचें पुस्तक उशिरा कां होईना, पण त्यांत आलें आहे. परंतु पुस्तक सुचविणें हें औषध देण्यासारखें आहे; आधीं नाडी पाहावी लागते. तेव्हां माझी एवढीच विनंती, कीं कोणास कांहीं वाचावयास सांगण्यापूर्वीं त्यास काय हवें आहे तें विचारावें; आणि आज रात्रीं जेवणें झालीं म्हणजे घरांतील सर्वांत वडील स्त्रीजवळ जाऊन बसावें, व तिला स्वतःला कोणतें पुस्तक आवडतें, कोणतें गाणें आवडतें, हें विचारून घ्यावें. तें तिला वाचून दाखवावें. गाणें असेल तर मोठ्यानें लावावें.

मी रोज दुपारीं हिराबाईंची ती तबकडी लावतों. घासून घासून तिचा आवाज पातळ झाला आहे, सुई मधून मधून अडखळते. पण कर्ण्यांत फडकें नसतें.